इंजिनाखालून आलेलं नाव

या, जरा पुढं सरका. शेकोटीच्या उजेडात तोंडं दिसू द्या एकमेकांची. गोष्ट ऐकायची असेल तर मधेच उठून जायचं नाही, एवढीच अट. आणि ही कुणाच्या खापरपणज्याची गोष्ट नाही. आपल्या लासुर्ण्याच्या भानुदासची आहे. तो हिंडता-फिरता आहे अजून. बाजारात भेटला तर जयभीम घाला, चहा पाजा, पण यातलं काही विचारू नका. विचारलं की तो कप तसाच ठेवून उठतो.

दोन हजार पंचवीस सालची, पंचवीस जानेवारीची रात्र. शनिवार होता. पौष वद्य एकादशी, म्हणजे चंद्र पार पहाटेला. थंडी अशी की उसाच्या पाल्यावर हात ठेवला तर ओला व्हावा.

त्या दिवशी संध्याकाळी भानुदास अंथुर्ण्याला गेला होता. काम साधंच होतं. तिथल्या सुतारानं बाभळीच्या लाकडाचे गुटके करून ठेवले होते, ते आणायचे. गुटका म्हणजे पाचरीसारखा ठोकळा. इंजिनाच्या चाकाखाली सारला की इंजिन जागचं हलत नाही. सुतारानं चांगलं काम केलं होतं. भानुदासनं एकेक गुटका हातात घेऊन पाहिला, पिशवीत भरला, चहा घेतला आणि गाडीला किक मारली.

हे गुटके कशाला, ते सांगतो. पूर्वी आपल्या भागात ऊस बारक्या रेल्वेनं जायचा. शेताच्या बांधापासून कारखान्यापर्यंत दीड हात अंतराचे दोन रूळ, त्यावर बारकी इंजिनं, मागं उसाच्या वाघिणी. ट्रॅक्टर आले आणि ते सगळं गेलं. त्यातलं एक इंजिन चाळीस वर्षं वेड्या बाभळीत पडून होतं. बारामतीचा इंद्रजित म्हणून एक इंजिनिअर आहे, त्याला ते दिसलं आणि त्याच्या डोक्यानं घेतलं, की याचं म्युझियम करायचं. कालव्याच्या कडेला जागा मिळाली. पोरं जमली. पगार नाही, मजुरी नाही, रविवार आला की ज्याला जमेल त्यानं यायचं. कुणी खड्डे घेतले, कुणी रूळ घासले. इंजिनाला पाऊस लागू नये म्हणून शेड उभी राहिली. तिच्या छपराच्या लोखंडी कैच्या जोडल्या त्या भानुदासच्या पोरानं, विकीनं.

विकी बारामतीला एमआयडीसीत वेल्डर. अठ्ठावीस वय. आठवडाभर तिकडं वेल्डिंग करायचा आणि सुट्टीला इकडं फुकट. एकुलता एक. वर्षापूर्वी लग्न झालं होतं, बायको पिंकी सातव्या महिन्यात. भानुदासचा जीव त्या पोरात किती होता, ते त्याच्याकडं बघूनच कळायचं. विकी शिडीवर चढला की हा खाली शिडी धरून उभा. काम नसलं तरी उभा.

भानुदास स्वतः तरुणपणी त्या रेल्वेवर खलाशी होता, म्हणजे इंजिनाची राख काढणारा, पडेल ते काम करणारा. आणि त्याचा बाप त्याच इंजिनाचा डायवर. हे लक्षात ठेवा.

अंथुर्ण्याहून येताना भानुदास घरी थांबला, पोरांसाठी भाकरी न्यायला. त्याची बायको मालनबाई चुलीपुढं होती. पिठलं फडक्यात बांधता बांधता म्हणाली, "त्या इंजिनानं मामंजींचं हसनं नेलं. आन तुमी त्याला घर बांधून देताय."

"लोखंड हाय ते, मालन. लोखंडाला काय कळतंय."

"कळत न्हाय तर पावसाला कशाला भ्यायचं त्यानं? ऱ्हाऊ द्या की उघड्यावर."

भानुदास हसला. आतून पिंकी आली, दाराला धरून उभी राहिली. म्हणाली, "आण्णा, यांना लवकर धाडा. उद्या तितं झेंडावंदन हाय, पाव्हणे हायत, म्हणून रात्रभर बसत्याल."

"इंजिन आत गेलं की त्याला माझ्या गाडीवर घिऊन येतो," भानुदास म्हणाला. "माझ्या मागं बशीवतो. मग तर झालं?"

"तुमच्या मागं बसून यायला ते बारकं हाय का," मालनबाई म्हणाली.

"मला हायच."

असं बोलून तो निघाला.

तिथं पोचला तेव्हा आठ वाजून गेले होते. पोरं बरीच घरी गेली होती. राहिले होते तिघं. एक इंद्रजित, एक विकी, आणि एक ऋतिक, अंथुर्ण्याचा. ऋतिकचा ट्रॅक्टर दिवसभर उसाच्या फेऱ्या करतो, रात्रीच मोकळा व्हायचा, म्हणून तर इंजिन ओढायचं काम रात्री ठेवलेलं. शेडच्या कैचीला एक बल्ब लोंबत होता. शेडबाहेर, जुन्या रुळावर, इंजिन उभं होतं. काळं रंगवलेलं, नवं कोरं दिसणारं. शेडचं तोंड तिथून ढेंगभर अंतरावर. ट्रॅक्टर शेडच्या मागच्या बाजूला लावायचा, तारेचा दोर शेडमधून आणून इंजिनाला अडकवायचा आणि हळूहळू आत ओढायचं, असं ठरलं होतं.

विकीचा उजवा हात रक्तानं भरलेला होता. पत्रा चढवताना तळहाताला कापलं होतं.

"बघू," भानुदास म्हणाला.

"काय न्हाय आण्णा, खरचटलंय."

"बघू म्हनलं ना."

त्यानं आपल्या उपरण्याची पट्टी फाडली. पोराच्या तळहातावर गुंडाळली, मनगटाशी गाठ मारली, वरून दुसरी गाठ मारली. ऋतिक भाकरी खाता खाता म्हणाला, "तात्या, आता काजळाचा टिळा बी लावा की त्याला."

"तुला लावतो. तू लय गोरा."

ऋतिक रंगानं इंजिनासारखाच. सगळे हसले. सगळ्यांचं मिळून शेवटचं हसणं ते.

जेवणं झाली. दोर बांधला. भानुदासनं चारी गुटके चाकांना सारून ठेवले होते, दोन या बाजूला, दोन त्या बाजूला. मग इंद्रजित म्हणाला, "तात्या, ती तुमची हाक उद्या पाहुण्यांसमोर द्यायची आहे. आज एकदा करून बघू."

ती हाक म्हणजे काय, ते ऐका.

इंजिनातली राख काढायला खलाशाला इंजिनाखाली उताणं सरकावं लागायचं. वर राखेची पेटी, खाली खडी, मधे माणूस. वर बसलेल्या डायवरला तो दिसत नाही. म्हणून इंजिन हलवायच्या आधी डायवरनं खाली उतरायचं आणि तीनदा हाक द्यायची, "खाली कोन हाय?" खाली जो असेल त्यानं नाव सांगायचं. नुसतं 'मी' नाही, नुसतं 'आलो' नाही. नाव. आणि मग त्यानं बाहेर येऊन डायवरच्या हातात हात द्यायचा. हात हातात आला की डायवरनं वर चढायचं.

ऋतिकनं विचारलं, "हात कशाला? तोंडानं सांगितल्यावर?"

भानुदास इंजिनाकडं वळला. मग म्हणाला, "आधी तोंडानंच व्हतं. ह्याच इंजिनाखाली दादासो म्हणून एक बुटका खलाशी व्हता. माझ्या बापानं इचारलं, आलास का रं? कुनीतरी 'आलो' म्हनलं. दादासो न्हवता तो. पलीकडच्या रुळावरचा दुसराच कुनीतरी, दुसऱ्याच कुनाला म्हनला." त्यानं इंजिनाच्या चाकावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "बापानं गाडी सोडली. तवापासनं हात. आवाज फसवतो, हात फसवत न्हाय, असं म्हणायचे म्हातारे."

लांब रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला. गाणं दूर गेलं, बंद झालं.

"मग कराच एकदा," इंद्रजित हळू आवाजात म्हणाला. "जुनी पद्धत आहे तशीच ठेवायची, हेच तर आपलं काम."

ऋतिक ट्रॅक्टरवर जाऊन बसला. अजून चालू केला नव्हता. इंद्रजित बॅटरी घेऊन शेडच्या तोंडाशी गेला. बॅटरी हलवली की ऋतिकनं ओढायचं. विकी बापाशेजारी उभा होता, खांद्याला खांदा लावून.

भानुदास वाकला. चाळीस वर्षांनी ती हाक त्याच्या तोंडातून निघाली.

"खाली कोन हाय?"

काही नाही.

"खाली कोन हाय?"

काही नाही. पाण्याचा आवाज कालव्यात.

"खाली कोन हाय?"

"विकी."

पोरांनो, आवाज खालून आला. राखेच्या पेटीखालून. आणि आवाज विकीचा होता. तसाच, जरा घोगरा, सकाळी उठल्यावर असतो तसा.

भानुदासनं मान वळवली. विकी शेजारीच होता. त्याचं तोंड मिटलेलं होतं.

"ऋतिक," विकी म्हणाला, "नकला करू नगंस."

"म्या काय केलं?" ऋतिकचा आवाज शेडच्या पलीकडून आला. लांबून.

इंद्रजित धावत आला, मागून ऋतिकही आला. चौघांनी बॅटऱ्या घेऊन इंजिनाखाली पाहिलं. खडी, गवताच्या काड्या, एक प्लॅस्टिकचा कप. माणूस नाही. पालथे पडून पाहिलं. दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"मी पण ऐकलं," इंद्रजित म्हणाला. "पत्र्यावरून घुमलं असेल काहीतरी."

"काय घुमलं? आण्णांनी इचारलं, खाली कोन. त्याचं 'विकी' कसं हुईल?" विकी हसत होता, पण ओठ कोरडे पडले होते.

"आज न्हाय ओढायचं," भानुदास म्हणाला.

मग जरा वाद झाला. इंद्रजित वाईट माणूस नाही, हे नीट ध्यानात ठेवा. तो म्हणाला, "तात्या, नको तर नको. उद्या बाहेरच ठेवू." पण विकीच म्हणाला, "आण्णा, तुमच्याच नियमानं बघा की. ज्याचं नाव आलं त्यानं बाहेर येऊन हात द्यायचा. मी भाईरच हाय. हा घ्या हात." आणि त्यानं बापाचा हात धरला. पट्टीचा खरखरीतपणा भानुदासच्या तळहाताला लागला. "उद्या गावभर हुईल, भुताला भिऊन इंजिन भाईर ठेवलं. सहा महिने राबलोय आमी."

भानुदासनं पोराचा हात दाबून पाहिला. उबदार होता. जिवंत, तरणाताठा हात. म्हाताऱ्यांचा शब्द त्याला आठवला, आवाज फसवतो, हात फसवत नाही. आणि तो तिथंच चुकला. दुसरा कुणी असता तर पोराला घेऊन सरळ घरी गेला असता. पण हा रेल्वेवाल्याचा पोर. आयुष्यभर त्यानं ज्यावर भरवसा ठेवला त्यावरच ठेवला.

"मग माझा हात सोडायचा न्हाय," तो म्हणाला. "इंजिन पार आत जाऊस्तवर. बारक्या पोरागत धरून उभं ऱ्हायचं."

"ऱ्हातो."

ऋतिकनं ट्रॅक्टर चालू केला. आवाज पत्र्यांत घुमला. इंद्रजित शेडच्या तोंडाशी गेला. आता फक्त गुटके काढायचे राहिले. भानुदास या बाजूचे काढणार, विकी त्या बाजूचे. काढायचे, आणि लगेच येऊन हात धरायचा.

विकी इंजिनाला वळसा घालून गेला.

भानुदासनं पहिला गुटका काढला. दुसरा काढला. दोन्ही डाव्या काखेत धरले. सरळ झाला.

आणि लाईट गेली.

बल्ब गेला, कालव्यापलीकडच्या वस्तीचे दिवे गेले, सगळंच गेलं. ट्रॅक्टरचा उजेड शेडच्या पलीकडं, उलट्या तोंडाचा. इकडं काळामिट्ट. भानुदास हाक मारणार, तेवढ्यात त्याच्या उजव्या हातात हात आला.

"आलास?"

हातानं हात दाबला.

"काढलं गुटकं?"

पुन्हा दाबला.

"बोल की तोंडानं."

ट्रॅक्टरचा आवाज मोठा होता. ऐकू गेलं नसेल, असं त्याला वाटलं. हात होता ना हातात. तिकडून इंद्रजितनं बॅटरीचा झोत त्यांच्या अंगावरून फिरवला, दिपवून गेला आणि पुढं गेला. भानुदासनं ओरडून सांगितलं, "चल."

बॅटरी हलली. दोर ताणला. चाळीस वर्षं थांबलेली चाकं रुळावर किरकिरली.

इंजिन हललं. वीतभर.

"आण्णा..."

खालून.

पुन्हा तेच, पुन्हा त्याच जागेतून. भानुदासनं हातातला हात घट्ट धरला. "ऐकू नगंस," तो शेजारच्या अंधाराला म्हणाला. "तू हितं हायेस. माझ्यापाशी हायेस."

हातानं त्याचा हात कुरवाळला. अंगठा त्याच्या मनगटावरून फिरला. पुन्हा फिरला. आजाऱ्याला थोपटावं तसा.

इंजिन हळूहळू पुढं.

"आण्णा... थांबवा... पाय..."

"ऐकू नगंस बाळा. आपलं न्हाय ते."

अंगठा फिरत होता. त्याला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. खाली काहीही ओरडो, पोरगं हाताशी आहे. हात थंड होता, पण रात्रच थंड होती. हात मऊ होता.

मऊ.

भानुदासनं बोटं चाचपली.

तळहात सपाट. ओला. मनगट... मनगटाला काही नाही.

पट्टी नव्हती.

गाठ नव्हती. दोन गाठी मारल्या होत्या त्यानं.

"कोन हाय?" तो म्हणाला.

अंगठा थांबला.

तो हात ओढायला गेला. सुटेना. ओढला. सुटेना. बोटांवर बोटं अशी आवळली होती की हाडं वाजावीत. खालून आवाज आता शब्दांचा नव्हता. भानुदास ओरडला. ट्रॅक्टरच्या आवाजात ते कुठं जातंय. मग तो होता तसा, त्या हाताला घेऊन, खाली कोसळला. काखेतले गुटके निसटले, त्यातला एक डाव्या हातानं चाचपून उचलला आणि अंदाजानं चाकापुढं खुपसला. दुसरा खुपसला. चाक चढलं... कचकच लाकूड... आणि थांबलं. तारेचा दोर सूं करून ताणला. ट्रॅक्टर गुरगुरला, बंद पडला.

एकदम सामसूम.

हातात हात नव्हता.

"खाली कोन हाय?" भानुदासनं विचारलं. त्याला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही.

बराच वेळ काही नाही.

"विकी," खालून आलं. रडत. "विकी हाय, आण्णा."

लाईट आली नव्हती. बॅटरीच्या उजेडात तिघांनी जॅक लावून त्याला काढलं. विकी इंजिनाखाली उताणा होता. राखेच्या पेटीखाली, दोन्ही रुळांच्या बरोबर मधे, नीट सरळ. जसा राख काढणारा खलाशी झोपतो, तसा. डावा पाय तेवढा रुळावर आला होता. गुडघ्याखाली काय राहिलं होतं, ते इथं सांगत नाही.

बारामतीहून ॲम्ब्युलन्स आली. भानुदास आत, पोराच्या उशाशी. ऋतिक समोर बसून तोंडावर हात घेऊन रडत होता. रस्त्यात उसाच्या गाड्याच गाड्या, ॲम्ब्युलन्सचा भोंगा वाजतोय, आणि मधेच विकीनं डोळे उघडले. शुद्ध होती त्याला. बापाकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, पोरांनो. राग असता तर बरं होतं.

"आण्णा," तो म्हणाला, "तुमी मला खाली कशाला नेलं?"

"मी?"

"म्या गुटकं काढलं. लाईट गेली. तुमी आला. हात धरला माझा." तो थांबला, दम घेतला. "मी म्हनलं, चला, तिकडनं जाऊ. तुमी बोललाच न्हाय. खाली बसवलं, झोपवलं. मला वाटलं... तुमाला काय दावायचं आसंल. डोक्यावरनं हात फिरवला माझ्या. मग सोडून गेला."

भानुदासनं पोराचा उजवा हात हातात घेतला. पट्टी होती. दोन्ही गाठी होत्या. मूठ मात्र गच्च आवळलेली होती, उघडत नव्हती.

दवाखान्यात पोचल्या पोचल्या आत नेलं. पाय वाचणार नाही, जीव वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. भानुदासनं कागदावर सही केली. बाहेर इंद्रजित मोटार घेऊन आला होता. बाकावर भानुदासशेजारी बसला आणि म्हणाला, "तात्या, मी बॅटरी मारून बघितलं होतं तुमच्याकडं. दोघं दिसले हात धरून. दोघं दिसले म्हणून तर मी खूण केली."

"दुसरा कसा व्हता?"

इंद्रजित जमिनीकडं बघत राहिला. "तुमच्या खांद्याएवढा," तो म्हणाला.

विकी बापापेक्षा हातभर उंच.

मालनबाई आणि पिंकी आल्या. मालनबाईनं नवऱ्याला एक शब्द विचारला नाही. त्याच्या शेजारी बसली, त्याचा हात घ्यायला गेली. भानुदासनं हात पाठीमागं घेतला. अजूनही तो कुणाच्या हातात हात देत नाही. नातीला सुद्धा करंगळी देतो, तेवढीच.

विकीला वॉर्डात आणलं तेव्हा उजाडायला आलं होतं. गुंगीत होता. पाय पांढऱ्या पट्ट्यांत, अर्धा. छबूबाई म्हणून एक वयस्क नर्स होती रात्रपाळीला, आपल्याच भागातली. ती हात-तोंड पुसत होती. उजवा हात घेतला, तर मूठ मिटलेलीच.

"अशी का धरलीया मूठ?" ती म्हणाली. "ऑपरेशनला सुदा उघडली न्हाय म्हनं. उघड बाळा, पट्टी बदलायचीय."

तिनं एकेक बोट सोडवलं. अंगठा, मग तर्जनी, मग बाकीची. भानुदास पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभा होता. उपरण्याची पट्टी रक्तानं वाळून कडक झाली होती, पण कुठं काजळी नाही, कुठं करपलेली नाही. आणि तिच्यावर, तळहाताच्या मधोमध, करवंदाएवढा काळा खडा. कोळशाचा. इंजिनातून राखेबरोबर पडतो तसा.

"कुठनं घिऊन आला ह्यो?" छबूबाई म्हणाली आणि चिमटीत उचलायला गेली. उचलला, आणि हात झटकला.

खडा उशाच्या पाण्याच्या पेल्यात पडला.

चर्र झालं. पेल्यातून वाफ वर आली.